गोदाक्कांची गाडी आणि धक्का मंडळ

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता. परंतु तो आपल्या गोष्टीत येणार नाही. त्याला दुपारी झोप लागत असे आणि सकाळी जाग येत नसे. त्यामुळे राज्याचा कारभार मंडळे पाहत असत.

त्या जंगलात मंडळांना तोटा नव्हता. पानगळ स्वागत मंडळ होते. ओढा संरक्षण मंडळ होते. पुढे ओढा आटला, तेव्हा त्याचे नाव ओढा स्मृती मंडळ असे झाले. अध्यक्ष तेच राहिले.

याच जंगलात गोदाक्का राहत असत. गोदाक्का या पाणमांजर होत्या. पाणमांजर म्हणजे मांजर नव्हे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. ते पोहते, मासे खाते आणि कोणाच्या मांडीवर बसत नाही.

गोदाक्कांचा व्यवसाय नळदुरुस्तीचा. जंगलातील टाक्या, पाइप आणि पाणवठ्यांच्या झडपा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. त्यासाठी त्यांच्याजवळ एक जुनी डिझेल गाडी होती. यजमानांनी ती हौसेने घेतली होती. यजमान गेले, गाडी राहिली. तिच्या पाठीवर ‘पाणी जपून वापरा’ असे रंगवलेले होते. आत नट आवळण्याचे पाने, पाइप आणि तागाच्या लडी व्यवस्थित रचून ठेवलेल्या असत. गोदाक्का उशीवर उशी ठेवून गाडी चालवीत, कारण त्याखेरीज त्यांना रस्ता दिसत नसे.

गाडीची निगा त्या मनापासून राखीत. इंजिनाचे तेल वेळेवर बदलीत. एअर फिल्टर काढून झाडावर आपटून झटकीत. डिझेलच्या फिल्टरच्या बुडाशी पाणी साचते, ते स्क्रू सैल करून काढून टाकीत. पाण्याचा ठावठिकाणा त्यांना न सांगता कळत असे. गाडी म्हातारी असली तरी तिचा धूर तरुणांहून स्वच्छ होता.

एकाच वस्तूला त्या हात लावीत नसत. ती वस्तू म्हणजे बॅटरी.

“पाणी आणि वीज, पोरी, एका हातात धरू नये,” असे त्यांच्या आईने त्यांना सांगितले होते. पाणमांजराचा हात सदैव ओला. तेव्हा गोदाक्कांनी बॅटरीचे झाकण कधी उघडले नाही. तेथे त्या लांबूनच नमस्कार करीत.

एका थंडीच्या सकाळी त्यांनी किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, “टक्.”

त्यांनी पुन्हा फिरवली. गाडी पुन्हा म्हणाली, “टक्.” याहून अधिक काही बोलण्यास ती तयार नव्हती.

त्याच वेळी रावसाहेब गवा तेथून चालले होते. रावसाहेब पूर्वी कळपाचे नायक होते. आता त्या जागी त्यांचा धाकटा पुतण्या आला होता, आणि रावसाहेबांना सकाळी जाण्यासारखे कोठेही नव्हते. तरी ते जात असत.

“काय अक्का, रुसली का?” त्यांनी विचारले.

“रुसली हो. आणि तिकडे चितळांच्या पाणवठ्यावर पाइप फुटलाय.”

“दुसऱ्या गिअरात टाका. क्लच दाबून धरा. मी सांगितलं की सोडा.”

रावसाहेबांनी गाडीच्या पाठीला कपाळ लावले. गाडी हलली, पळू लागली. “सोडा!” असे ते गरजले. गाडीने एक आचका दिला, धडधडली आणि सुरू झाली. गोदाक्कांनी आरशातून हात केला. रावसाहेब धुरात उभे होते, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली टवटवी होती.

“उद्यासुद्धा हाक मारा हं!” ते ओरडले.

दुसऱ्या दिवशीही गाडी “टक्” म्हणाली. तिसऱ्या दिवशी रावसाहेब हाक मारण्यापूर्वीच येऊन उभे होते. मग रानडुकरे आली. मग वानरे आली. आणि जेथे इतके जण जमतात तेथे चिटणीस आपोआप उगवतो, तसा नरहरी तरस उगवला.

अशा रीतीने वाहन धक्का मंडळाची स्थापना झाली.

मंडळ म्हटले की नियम आले. धक्का देताना मानाचे पहिले कपाळ रावसाहेबांचे. त्यानंतर रानडुकरांचे सुळे, तेही रंगाला ओरखडा न काढता. वानरांनी उजव्या अंगाला हात लावावेत. डाव्या अंगाला लावले असता त्यांच्यात पूर्वी मारामारी झाली होती. नरहरी तरस स्वतः गाडीला स्पर्श करीत नसे. तो बाजूला उभा राहून “हय्या!” म्हणत असे. ‘हय्या’ म्हणणारा नसेल तर धक्क्याला शिस्त राहत नाही, असे त्याचे मत होते, आणि ते त्याने ठराव करून सर्वांचे मत केले होते.

आरंभी गोदाक्का गाडी वडाजवळच्या उतारावर लावीत. म्हणजे कोणी नसले तरी ब्रेक सोडला की गाडी आपसूक घरंगळे आणि सुरू होई. मंडळाला हे आवडले नाही.

“अक्का,” नरहरी म्हणाला, “उतारानं गाडी सुरू होते ती उताराची. आमचं काय?”

“अरे, पण तुमचे कष्ट वाचतात ना!”

“कष्ट वाचवायला मंडळ काढलंय का आम्ही?”

यावर गोदाक्कांना उत्तर सुचले नाही. उपकार घेतलेल्या प्राण्याला उत्तरे उशिरा सुचतात. तेव्हापासून गाडी सपाट मैदानात उभी राहू लागली.

आता तुम्ही म्हणाल, त्या जंगलात गाड्यांचा मिस्त्री नव्हता काय? होता. तांबट नावाचा पक्षी तुम्ही पाहिला असेल, निदान ऐकला असेल. दिवसभर “टुक् टुक् टुक्” असा तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा आवाज काढतो, तोच. त्या जंगलातील तांबटभाऊ उंबरावर बसून असेच ठोकत असत. मात्र त्यांना कोणी बोलावले नाही. गाडी बंद पडली म्हणजे मिस्त्रीला बोलावतात. येथे गाडी बंद पडताच मंडळ येई आणि मंडळ येताच गाडी सुरू होई. सुरू झालेली गाडी दुरुस्त कोण करील?

एवढे मात्र झाले की गोदाक्कांच्या कामाला उशीर होऊ लागला. पूर्वी त्या दंवाबरोबर निघत. आता आधी मंडळी जमत. मग न आलेल्यांची वाट पाहिली जाई. मग आलेले न आलेल्यांविषयी बोलत. मग धक्का. उन्हे डोक्यावर आली म्हणजे गाडी हलत असे.

सर्वांत अधिक त्रास झाला हरणमाळाला. हरणमाळ जंगलाच्या पार टोकाला. तेथे ओढा नाही, तळे नाही. दगडी टाकीत साठवलेले पाणी तेवढे असते. त्या टाकीची झडप जुनी झाली होती. तिच्यातून पाणी झिरपते, असे तेथील टिटवीने अनेकदा येऊन सांगितले होते.

“अक्का, आज येताय ना?” टिटवी विचारी.

“निघालेच बघ. एवढा धक्का झाला की निघालेच.”

धक्का होईपर्यंत दुपार होई, आणि दुपारी निघून हरणमाळाला पोहोचून काम करून परतणे शक्य नसे. हरणांनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा निरोप आला नाही. गोदाक्कांना त्या न आलेल्या निरोपाची फार टोचणी लागली.

चैत्र सरला. वैशाख लागला. आणि मंडळाने रौप्यमहोत्सव जाहीर केला.

मंडळाला तेव्हा दोनच हिवाळे झाले होते. परंतु रावसाहेबांच्या वयाकडे पाहता पंचवीस वर्षे थांबणे व्यवहार्य नाही, असे नरहरीने सर्वांना समजावले. ते सर्वांना पटले. रावसाहेबांनाही पटले, फक्त त्यांनी आपले वय पुन्हा एकदा मोजून पाहिले.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी गोदाक्का कामावरून परतत होत्या. उंबराखाली त्यांनी गाडी थांबवली, परंतु बंद केली नाही. बंद करण्याचे धाडस त्यांना आता होत नसे.

“काय अक्का,” वरून आवाज आला, “गाडीला झोपू देत नाही वाटतं?”

“झोपली तर उठत नाही हो, तांबटभाऊ. उठवायला अख्खं मंडळ लागतं.”

“उठताना काय म्हणते?”

“टक्.”

“एकदाच?”

“एकदाच.”

तांबटभाऊ मान वाकडी करून खाली पाहू लागले. “बॅटरीवर पांढरा बुरा आलाय का? पिठासारखा?”

“मी बाई तिकडे बघत नाही. आमच्यात वीज चालत नाही.”

“आमच्यात म्हणे! अहो, वीज काय सोयरीक जुळवायला आली आहे? झाकण उघडा.”

गोदाक्कांनी डोळे अर्धे मिटून झाकण उघडले. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पिठाचे डोंगर साचले होते. जाड तारेचे कडे इतके सैल झाले होते की वाऱ्याने हलत होते.

“अगं बाई!”

“अगं बाई काय? गाडी बंद करा, काळी तार आधी सोडवा, मग लाल. गरम पाणी ओता त्या कड्यांवर. सगळं धुऊन जाईल. कोरडं करा, घट्ट आवळा, वर बोटभर ग्रीस लावा.”

“गरम... पाणी?” गोदाक्कांनी विचारले. त्यांचे डोळे आता पूर्ण उघडले होते. “पाण्यानं होतं हे?”

“पाण्यानंच. दोन वर्षं हे जंगल काय ढकलत होतं, मला कळत नाही.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही इतके दिवस?”

“मला विचारलं कोणी? मी इथं दिवसभर ठोकतोय. लोक म्हणतात, गाणं म्हणतोय.”

गोदाक्कांनी किटलीभर पाणी तापवले. तांबटभाऊंनी सांगितले तसे सारे केले. नंतर उशीवरच्या उशीवर बसून त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी “टक्” म्हणाली नाही. ती एका दमात सुरू झाली, जणू दोन वर्षे याचीच वाट पाहत होती.

गोदाक्कांना हसू आले. मग एकाएकी त्यांनी गाडी बंद केली.

“आता काय झालं?” तांबटभाऊंनी विचारले.

“उद्या महोत्सव आहे हो. रावसाहेबांनी भाषण पाठ केलंय. दोन दिवस झाडांपुढे म्हणून दाखवतायत.”

“मग?”

“मग काय? उद्याचा एक दिवस ढकलून घेते. परवा हळूच सांगते.”

तांबटभाऊ पुन्हा ठोकू लागले.

महोत्सवाला सारे जंगल लोटले. गाडीला पळसाच्या पानांचे तोरण बांधले होते. गोदाक्कांना सत्कारमूर्ती म्हणून गाडीतच बसवले होते. रावसाहेबांच्या शिंगांवर शाल घातली होती. ती एका शिंगावरून सारखी घसरत होती.

नरहरीने प्रास्ताविक केले. त्यानंतर त्याने प्रास्ताविकाबद्दल स्वतःचे आभार मानले. त्यानंतर रावसाहेब उभे राहिले. “धक्का म्हणजे काय?” असा त्यांनी प्रश्न केला, आणि उत्तर देण्यासाठी ते फार मागे, त्यांच्या वासरपणापर्यंत गेले.

इतक्यात टिटवी आली. ती उडत आली, ओरडत आली आणि सरळ व्यासपीठावर उतरली.

“अक्का! झडप तुटली! टाकीतलं पाणी माळावर वाहून चाललंय!”

“आपलं नाव पत्रिकेत नाही,” नरहरी तिला म्हणाला.

“अहो, टाकी रिकामी होतेय! पाडसं जिभा काढून उभी आहेत!”

“मुद्दा महत्त्वाचा आहे. आभारप्रदर्शनानंतर घेऊ.”

गोदाक्कांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “रावसाहेब, भाषण संध्याकाळी करा हो. आता तेवढं ढकलता का?”

“अक्का, सत्कारमूर्तीनं घाई करू नये,” रावसाहेब प्रेमाने म्हणाले. “आलोच मी मुद्द्यावर.”

ते मुद्द्यावर आले नाहीत. परंतु श्रोत्यांत चुळबुळ वाढली, तेव्हा भाषण आटोपते घेऊन ते गाडीमागे गेले. त्यांनी मानाचे पहिले कपाळ लावले. रानडुकरे पुढे सरसावली. तेवढ्यात पलीकडच्या बांबूच्या बेटातील एक थोराड डुक्कर आले आणि म्हणाले, “दुसरा मान आमच्या बेटाचा.”

“कोणी सांगितलं?”

“आमच्या आजोबांनी.”

“तुमचे आजोबा होते तेव्हा गाडी होती का?”

“गाडी नव्हती. मान होता.”

वाद पेटला. नरहरीने दोन्ही बाजू मांडण्यास वेळ दिला. टिटवी गाडीच्या टपावर बसून रडत होती.

गोदाक्कांनी आरशात पाहिले. मागे सारे मंडळ गाडीवर रेलून भांडत होते. त्यांनी समोर पाहिले. समोर हरणमाळाचा रस्ता मोकळा होता. त्यांनी किल्लीकडे पाहिले. त्या क्षणी त्यांना उत्तर सुचले.

त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी एका दमात सुरू झाली आणि निघून गेली.

मुलांनो, जी वस्तू टेकण्यासाठी असते ती अचानक निघून गेली म्हणजे टेकलेल्यांचे काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. रावसाहेब नाकावर पडले. त्यांच्यावर रानडुकरे पडली. पहिला मान, दुसरा मान आणि बांबूच्या बेटाचा मान एकाच ढिगात मिसळून गेले. नरहरी तरस “ह” म्हणून थांबला होता. त्याचा ‘य्या’ तोंडातच राहिला.

गोदाक्का हरणमाळाला पोहोचल्या तेव्हा टाकीत गुडघाभर पाणी उरले होते. त्या पाने घेऊन तशाच आत उतरल्या, जुनी झडप काढली, नवी बसवली. धार थांबली. पाडसे पाणी प्यायली. एका हरिणीने विचारले, “लवकर कशा आलात हो आज?” गोदाक्का मान खाली घालून पाने पुसत राहिल्या.

सायंकाळी त्या परतल्या तेव्हा मैदानात मंडळाची सभा भरली होती. रावसाहेबांच्या नाकाला हळद लावलेली होती. ते कोणाकडे पाहत नव्हते.

“आरोप असा आहे,” नरहरी म्हणाला, “की गाडी मंडळाला न विचारता सुरू झाली.”

“बॅटरीची तार सैल होती. घट्ट केली.”

“सैल होती हे मंडळाला माहीत होतं का?”

“नव्हतं.”

“मग घट्ट करण्याचा अधिकार तुम्हाला कुठून आला? एवढं गुण्यागोविंदानं चाललं होतं! ती तार पुन्हा सैल करा. विषय संपला.”

“नाही करणार,” गोदाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, परंतु पाने हातात होते. “हरणमाळाची पाडसं आज मेली असती, नरहरी. तुमचे उपकार डोक्यावर आहेत. पण तार सैल होणार नाही.”

“तर मग आजपासून धक्का बंद!”

“बरं.”

धमकी इतक्या सहज मान्य होईल, याची कोणी तयारी केली नव्हती. पुढे काय म्हणावे हे पत्रिकेत नव्हते. मंडळी एकेक करून उठली आणि आपापल्या वाटेने गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच गोदाक्का गाडीजवळ आल्या. पाहतात तो गाडीमागे, आपल्या नेहमीच्या जागी, रावसाहेब उभे.

“चालते ना गाडी?” त्यांनी विचारले.

“चालते.”

“छान. छान झालं.” ते जागचे हलले नाहीत. “मी आपला सवयीनं आलो. जाग येते हो पहाटेच. पाणवठ्यावर गेलं तर पोरं म्हणतात, काका, जरा बाजूला व्हा. इथं निदान ‘रावसाहेब, या’ म्हणत.” त्यांनी नाकावरची हळद झटकली. “असू दे. निघा तुम्ही. उशीर होईल.”

गोदाक्का गाडीत बसल्या. किल्ली लावली. किल्ली फिरवण्यासाठी त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“रावसाहेब, या हो जरा,” त्या म्हणाल्या. “टक् म्हणतेय मेली.”

रावसाहेबांचे कान टवकारले. “म्हणते का? मला वाटलंच. काल उगाच उसनं अवसान आणलं होतं तिनं. दुसऱ्या गिअरात टाका!”

त्यांनी कपाळ लावले. त्याबरोबर करवंदीच्या जाळीतून रानडुकरे बाहेर पडली. झाडांवरून वानरे उतरली. खडकामागून नरहरी तरस आला. सारे जण पहाटेपासून लपून बसले होते आणि आपण एकटेच आहोत असे प्रत्येकाला वाटत होते.

“हय्या!” नरहरी ओरडला. त्यात कालचा उरलेला ‘य्या’ही होता.

गाडी दोन पावले हलली. त्या गोंगाटात गोदाक्कांनी क्लच दाबून हळूच किल्ली फिरवली. गाडी धडधडली. मागे एकच जल्लोष झाला.

हीच रीत पुढे कायम राहिली. मंडळ आता दंवाबरोबर जमू लागले, कारण उशीर झाला तर गाडी स्वतःच सुरू होण्याचा धोका असतो, हे सर्वांनी नाकावर घेतले होते. गोदाक्का वेळेवर निघत. हरणमाळाची टाकी भरलेली राहिली. वार्षिक सभेत नरहरीने अहवाल सादर केला की, पूर्वी गाडी पन्नास पावले ढकलावी लागे, ती आता दोन पावलांत सुरू होते. धक्क्याचा दर्जा किती उंचावला याचा हा पुरावा होय. टाळ्या झाल्या. तांबटभाऊंना मंडळाचे तांत्रिक सल्लागार नेमण्यात आले, आणि त्यांनी गाडीच्या जवळ येऊ नये असा ठराव झाला.

रावसाहेबांना मात्र एक शंका राहून राहून येत असे. एकदा त्यांनी गोदाक्कांना एकांतात विचारले, “अक्का, खरं सांगा. माझ्या धक्क्यानंच सुरू होते ना?”

गोदाक्कांनी ग्रीस लागलेले बोट पदराआड लपवले.

“नाहीतर काय, रावसाहेब?” त्या म्हणाल्या. “किल्लीत काय असतं?”

तात्पर्य: संकटात धावून येतो तो खरा मित्र, हे तुम्ही पाठ केलेच आहे. परंतु संकट संपल्यावरही जो रोज धावून येतो, त्याच्यासाठी घरात एक लहानसे संकट नेहमी सांभाळून ठेवावे.